भिंतीचे पापुद्रे

घराला रंग द्यायचा म्हटलं की आमच्याकडे आधी वाद येतो आणि मग रंग. मागच्या दिवाळीआधीही तसंच झालं. सूनबाईला हॉलची एक भिंत करड्या रंगाची हवी होती, मुलाला सगळं घर पांढरं. यांचं म्हणणं, ‘आहे तोच रंग, फक्त नवा.’ आणि सासूबाईंनी तर निक्षून सांगितलं, "माझ्या खोलीला हात लावायचा नाही." सूनबाईला सातवा महिना लागला होता. बाळ यायच्या आत घर लख्ख व्हावं, ही घाई मात्र माझी.

आमचं घर आदिलाबादच्या जुन्या वस्तीतलं. आजेसासऱ्यांनी निजामाच्या राज्यात बांधलेलं. मातीच्या जाड भिंती, सागवानी खांब, मागे परसदार. पुढे दोन खोल्या विटांच्या वाढवल्या, फरशी बदलली, पण मधलं घर तेच राहिलं. मिस्त्री आला तेव्हा म्हणाला, "अम्मा, जुना रंग फुगला आहे. खरवडून मग लप्पम लावू." पुण्या-मुंबईकडे ज्याला पुट्टी किंवा लांबी म्हणतात त्याला आमच्याकडे तेलुगूतला लप्पम हाच शब्द रुळलेला आहे.

त्याने पत्रा घेऊन कोपरा खरवडला आणि हातभर पापुद्रा खाली आला. मी तो उचलून उन्हात धरला. कांद्याचे पदर असावेत तसे त्यात रंगांचे थर होते. सगळ्यात वर मोतिया, त्याखाली पिस्ता, त्याखाली गुलाबी, आणि त्याच्याही खाली निळसर पांढरा चुना, एकावर एक कितीतरी हात दिलेला. चुना निघाला तिथे मागे पांढरी माती दिसली आणि शेवटी भुसा मिसळलेली काळी माती. सासूबाईंनी चष्मा पुसला, पापुद्रा हातात घेतला आणि पोथी वाचावी तसा वाचून दाखवला. "हा पिस्ता तुझ्या लग्नाचा. हा गुलाबी तुझ्या सासऱ्यांनी आणलेला. आणि हा खालचा चुना माझ्या हातचा."

मी कला शाखेची पदवीधर. इतिहास म्हणजे राजे, लढाया आणि तह, असंच शिकले. आपल्याच घराच्या भिंतीत इतिहास आहे आणि तो वाचणारी बाई आपल्यासमोर बसलेली आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

सगळ्यात खालच्या थरापासून सुरुवात करते. माती, शेण, भुसा. हे काम पूर्णपणे बायकांचं. भिंत सारवायची, वर पांढऱ्या मातीचा पोतारा फिरवायचा, खाली जोत्याला गेरूचा पट्टा ओढायचा. आमच्या जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांतून, गोंडांच्या वस्त्यांतून हे आजही दिसतं. दंडारी, दिवाळी आली की बाया माती कालवायला बसतात. कोणता रंग द्यायचा हा प्रश्नच नसायचा. जी माती जवळ, तोच रंग. पण कुठली माती चिकट, कुठली भेगाळते, किती भुसा घालायचा, हे ज्ञान बायकांच्या हातात होतं.

आणि हे ज्ञान लहान नाही बरं का. अजिंठ्याची चित्रं आपण पाहायला जातो, ती तरी कशावर काढली आहेत? दगडावर मातीचा गिलावा, त्यात भाताचं तूस आणि वनस्पतींचे धागे, त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि त्यावर रंग. लाल आणि पिवळा गेरू, हिरवी माती, काजळी, चुना. वेरूळच्या गिलाव्याचा अभ्यास 2016 साली प्रसिद्ध झाला, त्यात भांगेच्या झाडाचे धागे सापडले. त्यामुळे तिथला गिलावा किड्यांपासून बराचसा वाचला, असं अभ्यासकांचं मत आहे. वेरूळला गेलात तर बत्तीस नंबरच्या लेण्यात, इंद्रसभेत, वर मान करून छत जरूर पाहा. आपल्या जैन लेण्यांमधले रंग तिथे अजून थोडेथोडे टिकून आहेत. आपण खाली मूर्तीला हात जोडतो आणि निघतो.

मातीच्या वरचा थर चुन्याचा. सासूबाईंचं माहेर किनवट. त्यांचा जन्म झाला तेव्हा किनवट आदिलाबाद जिल्ह्यातच होतं. 1956 साली राज्यांची फेररचना झाली. किनवट आणि राजुरा हे मराठी तालुके मुंबई राज्यात गेले आणि आदिलाबाद आंध्र प्रदेशात राहिलं. दोन वर्षांनी त्या लग्न होऊन इथे आल्या. "मी गाव नाही बदललं, मी राज्य बदललं," असं त्या हसत सांगतात. आल्यावर पहिल्याच दिवाळीला त्यांच्या हाती चुन्याची बादली आली.

चुन्याची गंमत सांगते. चुनखडीचा दगड भट्टीत भाजला की त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. त्यात पाणी घातलं की तो फसफसतो, उकळतो, आणि मऊ लोणी होतं. ते भिंतीला लावलं की हवेतला तोच वायू हळूहळू परत ओढून घेतो आणि पुन्हा दगड होतो. म्हणजे चुन्याचा हात दिला की भिंतीवर दगडाचं पातळ कातडं चढतं. ही चुनखडी आमच्या पैनगंगेच्या खोऱ्यात भरपूर. सिमेंट कॉर्पोरेशनचा आता बंद पडलेला कारखाना आदिलाबादला उभा राहिला तो तिच्याच जोरावर.

दिवाळीलाच चुना का, त्यालाही कारण आहे. पावसाळ्यात भिंतीला ओल येते, बुरशी धरते. चुना तीव्र क्षारधर्मी, त्यामुळे बुरशी मरते, कीड राहत नाही. इथे आपली अडचण सुरू होते. कीड मारायची नाही आणि भिंत तर स्वच्छ हवी. आमच्या आजेसासूबाईंनी त्यातून घरापुरती रीत काढली होती. आदल्या दिवशी मऊ कुंच्याने भिंत हळुवार झाडायची, कोळी-मुंग्या सुपलीत घेऊन परसात सोडायच्या. चुना दिवसाउजेडीच भिजवायचा, त्याआधी भांडं आतून पाहून घ्यायचं, आणि वर झाकण ठेवायचं, म्हणजे उकळत्या चुन्यात काही पडायला नको. यत्नाचार म्हणजे काय हे मी ग्रंथात नंतर वाचलं. चुन्याच्या बादलीपाशी तो आधीच पाळला जात होता.

चुन्यात त्या डिंक घालायच्या, म्हणजे हाताला पांढरं लागत नाही, आणि चिमूटभर नीळ. ही नीळ म्हणजे चंपारणच्या शेतातली नीळ असावी असं मला वाटायचं. तसं नाही. चंपारणची ती झाडाची नीळ, कापडाच्या रंगाची. भिंतीत आणि धुतल्या कपड्यांत घालायची ती अल्ट्रामरीन, आणि तिची कूळकथा वेगळीच आहे. अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणीतून लाजवर्द नावाचा निळा दगड यायचा. तो कुटून काढलेला रंग फार महाग. अजिंठ्याच्या चित्रांतला निळा रंग तोच. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये हा रंग कृत्रिम रीतीने बनवणाऱ्याला बक्षीस जाहीर झालं, आणि 1828 साली गीमे नावाच्या माणसाने ते मिळवलं. त्यानंतर तो निळा रंग स्वस्त होत होत वाण्याच्या पुडीत आला. अजिंठ्याच्या चित्रकाराने जपून वापरलेला रंग माझ्या सासूबाई दर दिवाळीला बादलीत चिमटीने टाकत होत्या.

निळसर पांढऱ्या त्या खोलीत मे महिन्यात गेलात तर फरक कळतो. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला सहज जातो. पांढरा रंग ऊन परतवतो, माती-चुन्याची भिंत श्वास घेते. 2023 साली तेलंगणा सरकारने थंड छपरांचं धोरण आणलं, त्यातही ऊन परतवणाऱ्या छपरांवरच भर आहे. सासूबाईंना ते वाचून दाखवलं तर म्हणाल्या, "आता कळलं का सरकारला?"

आता गुलाबी थर. इथे आमच्या घरात पहिलं मोठं भांडण झालं असं सासूबाई सांगतात. सत्तरच्या दशकात गावात डिस्टेंपरचं वेड आलं. चुना म्हणजे जुनाट, डिस्टेंपर म्हणजे शहरी. सासऱ्यांनी गुलाबी रंगाची भुकटी आणली आणि मिस्त्रीने परसात चूल मांडून सरस उकळायला ठेवला. वास सुटला. आजेसासूबाई देवपूजेतून उठून आल्या. त्यांनी एकच विचारलं, "यात काय आहे?"

मिस्त्रीने खरं ते सांगितलं. सरस म्हणजे जनावरांची कातडी, हाडं उकळून काढलेला चिकट पदार्थ. खडूची भुकटी भिंतीला धरून राहावी म्हणून जुन्या पद्धतीच्या डिस्टेंपरमध्ये तो लागायचाच. आजेसासूबाईंनी चूल विझवायला लावली. शेवटी तडजोड झाली. घराला डिंकाच्या पाण्यात कालवून गुलाबी रंग दिला गेला, तो वर्षभरात पोपडे धरून गळायला लागला आणि सासऱ्यांनी दर वेळी तो टोमणा आईला मारला. मात्र देवघर आणि लगतची खोली, तिथे त्यांनी डिस्टेंपर येऊच दिलं नाही. तीच ही खोली, जिला सासूबाई आज हात लावू देत नव्हत्या.

अक्षरओळख बेताचीच असलेल्या बाईने विचारलेला हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. आपण बिस्किटाचा पुडा उलटा करून वाचतो. जेलीत जिलेटिन आहे का विचारतो, लग्नाच्या पंगतीत भाजीत कांदा-बटाटा आहे का विचारतो. भिंतीला मात्र कोण विचारतं? आजच्या डिस्टेंपरमध्ये बहुतेक ॲक्रिलिकसारखी कृत्रिम चिकटद्रव्यं असतात, तेव्हा सरसाची ती भीती बरीच मागे पडली. पण प्रश्न विचारायची सवयही त्याबरोबर मागे पडली.

कारण मधल्या काळात एक मोठा बदल झाला होता. माती आणि चुना बायकांच्या हातात होता. डब्यातला रंग आला तसा तो पुरुषांच्या पिशवीतून आला. मुंबईत 1942 साली चार मित्रांनी एशियन पेंट्स सुरू केली. महायुद्धामुळे परदेशी रंगांची आयात अडली होती, तेव्हा देशी रंगाला वाव मिळाला. 1954 साली आर. के. लक्ष्मण यांनी त्यांना हातात कुंचला घेतलेला खोडकर गट्टू काढून दिला. आमच्या पिढीला तो कंपनीच्या नावाआधी आठवतो. या कंपनीने मोठ्या शहरांतल्या मोठ्या दुकानांपेक्षा लहान गावांकडे लक्ष दिलं आणि लहान डबे विकले. पोळ्याला बैलांची शिंगं रंगवायला शेतकऱ्यांना थोडाच रंग लागतो, हे त्यांनी हेरलं, असं सांगतात. आमच्या घरी तरी ते खरंच होतं. पोळ्याला लाल आणि हिरव्या ऑइल पेंटचा लहान डबा यायचा, शिंगं रंगवून उरलेला रंग खिडकीच्या गजांना आणि दाराला लागायचा. आमच्या खिडक्या हिरव्या का, याचं उत्तर बैलांच्या शिंगांत आहे!

बाई काय करायची? भांडी हलवायची, फरशी पुसायची, मिस्त्रीला चहा द्यायची. माझ्या लग्नाच्या वेळचा पिस्ता रंग मला कुणी विचारून दिला नव्हता.

मग शेड कार्ड आलं आणि निवड पुन्हा बायकांकडे आली, असं आपण म्हणतो. मागच्या वर्षी दुकानदाराने माझ्यापुढे जाडजूड पुस्तक ठेवलं. हजाराच्या वर रंग, सगळ्यांची नावं इंग्रजी आणि खाली नंबर. मला आधी दबल्यासारखं झालं. मग लक्षात आलं की यातले कितीतरी रंग मला नावानिशी ठाऊक आहेत. अबोली, मोरपंखी, चिंतामणी, डाळिंबी, आमसुली, अंजिरी, केतकी, शेवाळी, गव्हाळ, बदामी, श्रीखंडी. पातळाच्या दुकानात बसून आपल्या आया-मावश्यांनी मराठीला दिलेली ही नावं आहेत. मी दुकानदाराला म्हटलं, "हा नंबर राहू द्या, मला फिकट केतकी दाखवा." त्याला कळलं नाही. शेजारी उभ्या असलेल्या बाईंना लगेच कळलं.

सूनबाईने करड्यावर बोट ठेवलं. घरी येऊन सासूबाईंना दाखवलं, तर त्या म्हणाल्या, "ही तर कापोत लेश्या!" आपल्याकडे जिवाच्या परिणामांना सहा रंग सांगितले आहेत. कृष्ण, नील, कापोत, पीत, पद्म, शुक्ल. गोम्मटसारात त्यांचं वर्णन आहे, आणि फळाच्या झाडाखाली आलेल्या सहा माणसांची गोष्ट तर आपण पाठशाळेतच ऐकतो. पहिला म्हणतो झाड मुळासकट उपटू, शेवटचा म्हणतो खाली पडलेली फळं वेचू. कापोत म्हणजे पारव्याचा रंग, पहिल्या तीन अशुभ लेश्यांमधला. सूनबाई हसली आणि म्हणाली, "आजी, लेश्या मनाची असते, भिंतीची नाही." सासूबाई क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "हो, ते खरं." करडा रंग पास झाला.

इथपर्यंत सगळं गमतीचं. पुढचं लिहायला मला जड जातं.

मिस्त्रीने भिंती झाल्यावर दारं-खिडक्या घेतल्या. बैलांच्या शिंगांचा तो हिरवा-लाल रंग, पन्नास वर्षांत एकावर एक चढलेला. त्याने कोऱ्या पॉलिश पेपरने घासायला सुरुवात केली. तीन दिवस घरात धुळीचा धूर. सूनबाईला खोकला आला, तिने विचारलं, "आई, मी दोन दिवस माहेरी जाऊ का?" मी म्हटलं, "थोडी धूळ सोसायची गं, आम्ही नाही का सोसली?"

तिसऱ्या दिवशी तिची तपासणी होती. घरात काम चालू आहे हे ऐकून डॉक्टरीणबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. "जुना ऑइल पेंट घासताय? कोरडा? आणि ही घरात आहे?" मग त्यांनी शिसं म्हणजे काय ते समजावलं. जुन्या ऑइल पेंटमध्ये, त्यातही लाल, पिवळ्या, केशरी, हिरव्या रंगांत, चकाकी आणि टिकाऊपणासाठी शिशाची संयुगं असत. रंग भिंतीवर शाबूत असतो तोवर फारसं नाही, पण घासला की ते धुळीत येतं, श्वासातून, हातातून पोटात जातं, आणि आईकडून बाळाकडे. बाळाच्या मेंदूला ते घातक. किती शिसं चालेल अशी सुरक्षित पातळीच नाही.

रक्त तपासणीला हैदराबादला गेलं. ते आठ दिवस कसे काढले ते माझं मला ठाऊक. सूनबाईला त्याच संध्याकाळी माहेरी पाठवलं. काम बंद. रात्री मी देवघराच्या खोलीत, त्या चुन्याच्या भिंतीला टेकून बसायची. आजेसासूबाईंनी वासावरून चूल विझवली होती. मी शिकलेली, पेपर वाचणारी, आणि मी सुनेला सोसायला सांगितलं. रंग कोणता यावर महिनाभर बोललो, रंगात काय आहे हे एकदाही विचारलं नाही.

त्या दिवसांत मी मिळेल ते वाचलं. शिशाचा पांढरा रंग घरांच्या आतून वापरू नये असा आंतरराष्ट्रीय करार 1921 सालचा आहे. अमेरिकेने घरगुती रंगातल्या शिशावर 1978 साली बंदी घातली. आपल्याकडे नियम झाला 2016 साली आणि लागू झाला नोव्हेंबर 2017 पासून. रंगात शिसं दहा लाख भागांत नव्वद भागांपेक्षा जास्त असता कामा नये. म्हणजे त्याआधीचा कुठलाही ऑइल पेंट आपण संशयितच धरायचा. आणि हे काही आपल्याच देशातलं नाही. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी युरोपातल्या श्रीमंत घरांत सुंदर हिरवे भिंतकागद लावायचे, त्या हिरव्यात सोमल असायचा. रंग सुंदर आहे म्हणून आत काय आहे हे न विचारण्याची चूक सगळीकडे झाली आहे.

रिपोर्ट आला. काळजीचं कारण नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी सूनबाईला फोन केला आणि आधी तिची माफी मागितली, मग रिपोर्ट सांगितला. ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "आई, मिस्त्रीला पण तपासायला सांगा ना. तो तर रोजच घासतो." मला हे सुचलं नव्हतं. मिस्त्रीला मी सांगितलं, त्याच्या तपासणीचे पैसे आम्ही दिले. पुढच्या कामाला त्याने तोंडाला चांगला मास्क बांधला आणि खिडक्या ओल्या करून, ओल्या पेपरने घासल्या. खालची धूळ झाडली नाही, ओल्या फडक्याने पुसून घेतली, आणि ती फडकी वेगळी बांधून टाकून दिली. रोज घरी जाण्याआधी त्याला आंघोळीला पाणी तापवून ठेवायची मी.

मैत्रिणींनो, म्हणून एवढंच सांगते. घरात गरोदर बाई किंवा रांगतं मूल असेल तर जुना ऑइल पेंट कोरडा घासू देऊ नका. त्यांना आधी दुसरीकडे पाठवा, मग काम काढा. रंग फुगलेला नसेल तर न घासता वरून हात द्यायला सांगा. नवा डबा घेताना शेड बघा, हौस करा, पण डबा फिरवून शिशाबद्दल काय लिहिलं आहे तेही वाचा. बिस्किटाचा पुडा वाचता ना, तसाच.

हॉलची एक भिंत आता करडी आहे. वाटली होती त्यापेक्षा बरी दिसते. बाकी घर फिकट केतकी. देवघराच्या खोलीला मी स्वतः चुना दिला. बाजारात कळीचा चुना शोधायला दोन दिवस लागले. सासूबाई खुर्चीवर बसून सांगत होत्या, मी भिजवत होते. डिंक किती, नीळ किती. पहिल्यांदा माझी नीळ जास्त झाली, भिंत आकाशासारखी झाली, तेव्हा त्या म्हणाल्या, "राहू दे, वाळल्यावर उतरते." खरंच उतरली.

तो पापुद्रा मात्र मी टाकला नाही. वरून ऑइल पेंट नाही, नुसती माती, चुना आणि डिस्टेंपर, एवढी खात्री मिस्त्रीकडून करून घेतली आणि तो काचेच्या डबीत बंद करून कपाटात वर ठेवला आहे. नात आता पाच महिन्यांची आहे. तिला कळू लागेल तेव्हा कुठला थर कोणाच्या हातचा ते सांगायला सासूबाई असतीलच असं नाही, म्हणून इथे लिहून ठेवलं.